शिवणाच्या बाईंचं नेसणं

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आशा लावून वाचायला नको. बाईंनी जन्मभर जे जमवलं त्यातलं आज काहीही उरलेलं नाही. पुलगावात चौकात उभं राहून विचारलंत तर जुन्यापैकी एखादा डोकं खाजवून म्हणेल, "थे काय? बायकांच्या मांगं मांगं फिरे, थे बाई?" बस, तेवढीच ओळख.

त्या आमच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्या चाळिशीत होत्या. नवरा गिरणीत होता, तो फार लवकर गेला. एक मुलगा होता, त्याला शिकवून त्यांनी मोठा केला. अंगानं काटक, आवाज मात्र भोंग्यासारखा. पहिल्याच दिवशी मी पंजाबी ड्रेस घालून गेले, तर स्टाफरूमच्या दारातच त्यांनी मला गाठलं. माझ्या बाहीची शिवण चिमटीत धरून म्हणाल्या, "काऊन वं पोरी, हे पोतं कायले घातलं? तुले कोनी पार्सल करून पाठवून राह्यलं काय?"

शिवण शिकवणाऱ्या या बाईला शिवलेल्या कपड्याचा मनापासून तिटकारा होता. त्यांचा हात इतका सफाईदार, की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली कळू नये. पण मुलींना त्या फक्त तीन गोष्टी शिवायला शिकवत: पोलकं, पिशवी आणि गोधडी. फ्रॉक अभ्यासक्रमात होता म्हणून नाइलाजानं कागदावर कापून दाखवायच्या आणि कागद लगेच चुरगाळून टाकायच्या. वर ऐकवायच्या, "कपडा शिवला का थो एका मानसाचा झाला. न शिवलेला आईचा लेकीले होते, लेकीचा शेजारनीले होते, आन् फाटला त लेकराच्या ढुंगनाखाली होते. शिवलेल्याचं काय करसान? बटन काढून फेका."

आणि त्यांना वेड होतं ते नेसण्याचं. साडीचं नव्हे. साडी कोणती, किती महागाची, काठ कुठला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाई ती अंगाला कशी लावते, कुठे खोचते, पदर कुठून काढते, एवढंच त्यांना पाहायचं असे. पुलगाव त्यासाठी सोन्यासारखं गाव. गिरणीमुळे कोष्टी आलेले, छत्तीसगडची माणसं आलेली, तेलुगू घरं आलेली. बाजारात मारवाड्यांची दुकानं. कापूस वेचायच्या दिवसांत गोंड बाया यायच्या, तांड्यावरच्या बंजारणी यायच्या. शिवाय लष्कराच्या डेपोमुळे साऱ्या मुलखाच्या बायका. आठवडी बाजारात बाई भाजी घेत नसत. एखाद्या म्हातारीच्या मागे मागे चालत, तिच्या पाठीकडे बघत. म्हणायच्या, "मानूस समोरून काहीबी सांगते. पाठ खोटं बोलत नाई."

बरं, नुसतं बघून थांबतील तर त्या बाई कसल्या! शेवटी म्हातारीला हटकायच्याच. "माय, तुमचा काष्टा असा चपटा कसा बसते हो? मले शिकवा." निम्म्या म्हाताऱ्या शिव्या घालायच्या. उरलेल्या निम्म्या हसत हसत त्यांना घरी न्यायच्या, दार लावून घ्यायच्या आणि सगळं उलगडून दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी बाई तसं नेसून शाळेत हजर. छत्तीसगडी लुगडं नेसून आल्या तेव्हा त्यांच्या पोटऱ्या दिसत होत्या म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना घरी पाठवलं. मारवाडणींसारखा उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतला तेव्हा शिपाईणबाईनं "उलटा पदर काऊन घेतला जी?" म्हणून विचारलं. त्यावर बाईंनी तिला मधल्या सुट्टीभर उभं करून समजावलं, की मारवाडणीच्या घरी जाऊन पाहा, तिथं तुझाच उलटा आहे.

डेपोच्या गेटवरचा प्रकार तर मी डोळ्यांनी पाहिला, कारण त्यांना सोडवून आणायला मलाच पाठवलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की क्वार्टरमध्ये एक मद्रासी म्हातारी आहे आणि तिचं नेसणं काही वेगळंच आहे. झालं. बाई गेटवर. पहारेकऱ्यानं विचारलं, "माताजी, किससे मिलना है?" बाई म्हणाल्या, "मिलना किसीसे नाई. अंदर एक बुढ्ढी है, उसकी साडी पीछेसे देखनी है." त्यानं त्यांना बाजूच्या चौकीत बसवून ठेवलं. मी पोचले तेव्हा बाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि दोन जवान हसू दाबत होते. तेवढ्यात त्या म्हातारीचा मुलगा, तिथला कारकून, आईलाच हाताला धरून घेऊन आला. दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती. म्हातारी हसली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हातानं वार मोजले आणि एकदम ओरडल्या, "अवं, नऊच वार हाय! मद्रासमंदीबी नऊच! आन् हे पाय, काष्टाबी हाय!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हरवलेली सख्खी बहीण सापडावी तसं त्यांनी त्या म्हातारीला मिठीत घेतलं. येताना वाटभर त्या एकच बोलत होत्या: तेलंगणात गोची, म्हणजे काष्टाच, आहे, मद्रासला आहे, आपल्याकडे आहे, मग आपण सगळ्या कोणा एकीच्याच लेकी असू.

त्या मला आवडायला लागल्या त्या दिवसापासून. तोपर्यंत मीही त्यांना हसणाऱ्यांतलीच होते.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला त्यांना कारंजाला घेऊन गेले होते. हायवेवर बस एका ढाब्यापाशी थांबली. मागे हातपंपावर काही बंजारणी पाणी भरत होत्या. मी चहा पिईस्तोवर बाई गायब. कंडक्टर घंटी वाजवून दमला, तेव्हा ढाब्याच्या मागून आल्या त्या आरशांचा फेटिया, म्हणजे बंजारणींचा घागरा, आणि डोक्यावर ओढणी घेऊन. वर पोलकं त्यांचं स्वतःचंच, एवढी मेहरबानी. लग्नासाठी नेसलेली रेशमी साडी बदल्यात एका बंजारणीला देऊन टाकली होती. "बाई, हे तर शिवलेलं आहे," मी चिडून म्हणाले. "शिवलेलं हाय, पन तिनं सोताच्या हातानं शिवलं. टाका टाका तिचा हाय. तू तुह्या ड्रेसातला एक टाका दाखव तुहा." मांडवात आईनं मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "ह्या मास्तरीन हायेत का नाटकवाल्या?" बाई मात्र पंगतीत बसून ऐटीत जेवत होत्या, आणि शेजारच्या प्रत्येक बाईला विचारत होत्या, की तुमच्या आजी कशा नेसायच्या. कोणालाच आठवत नव्हतं.

हे "कोणालाच आठवत नव्हतं" पुढे वाढतच गेलं.

गिरणी बंद पडली. जी माणसं आली होती ती पांगली. मुली नोकऱ्यांना लागल्या, गाड्या चालवायला लागल्या. त्यांनी सोयीचं घातलं, यात त्यांचं काय चुकलं? पण मॅक्सी आली आणि बाईंचा धीर सुटला. सकाळी दूध घ्यायला मॅक्सी, दुपारी दळणाला मॅक्सी, संध्याकाळी ओट्यावर मॅक्सी, आणि पाहुणा आला तर वरून टॉवेल. कोष्टीण, तेलुगू, कुणबीण, मारवाडीण, सगळ्या एकाच मापाच्या. बाई मॅक्सीला उशीची खोळ म्हणत. बाजारात पूर्वीसारख्याच त्या मागून चालत, पण आता पाठींवर वाचण्यासारखं काही नसे. म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या. बाई मला येऊन सांगत, "आज छत्तीसगडी गेली." मग काही महिन्यांनी, "तेलगू गेली वं." माणसाचं नाव नाही, नेसणं सांगायच्या. सुनांना विचारलं तर सुना म्हणत, आम्हाला काय माहीत, त्या न्हाणीघरातूनच नेसून यायच्या.

मी म्हटलं, मोबाइलवर व्हिडिओ काढू. एकदा काढलाही. बाईंनी तो पाहिला आणि मोबाइल परत दिला. "याच्यात हात दिसते. हाताले काय वाटून राह्यलं थे नाई दिसत. खोचतानी पोट किती आत घ्याचं, थे कसं दाखवशीन?" मग मला समोर उभं करून शिकवायला लागल्या. आपलं नऊवारी आणि तेलुगू गोची, एवढं मला आलं. मी घरात आरशासमोर नेसायची, दोन फेऱ्या मारायची आणि सोडून ठेवायची. स्कूटरवरून शाळेत काय ते नेसून जाणार?

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषांचा कार्यक्रम ठरला. शेजारपाजारच्या मुलखांची वस्त्रं. बाईंना नव्यानं पालवी फुटली. रोज शाळा सुटल्यावर शिवणवर्गात मुलींना उभं करून नेसवायच्या. मुलीही रमल्या होत्या. निऱ्या सुटायच्या, पदर पायात यायचे, एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. बाई ओरडायच्या आणि खूश असायच्या. पण मुलींचे नाचही दोन दोन होते, आणि मध्ये कपडे बदलायला जेमतेम एका गाण्याचा वेळ. पालकांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. संमेलनाच्या दिवशी दुपारी वर्ध्याहून टेम्पो आला आणि भाड्याचे ड्रेस उतरले. प्लॅस्टिकच्या पिशवीत शिवलेली नऊवारी, पायजम्यासारखी, कमरेला इलॅस्टिक, काष्टा मागे शिवून टाकलेला. गोंड म्हणून पानांच्या छापाचा झगा आणि डोक्याला पिसं. कापसाच्या दिवसांत दर आठवड्याला गोंड बाया आमच्या बाजारात येतात. कोणाच्या डोक्यावर कधी पिसं पाहिली होती?

 बाई रंगपटात एका स्टुलावर सुईदोरा घेऊन बसून राहिल्या. "बाई, चेन अटकली." "बाई, इलॅस्टिक उसवलं." त्या शिवून देत होत्या. सगळा कार्यक्रम त्यांनी शिवून काढला. पाहुण्यांनी भाषणात परंपरा जपल्याबद्दल शाळेचं कौतुक केलं, आणि टाळ्या झाल्या.

घरी जाताना त्या माझ्याबरोबर चालत होत्या. गिरणीच्या भिंतीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "पोरी, मी मेली का मलेबी असंच करतीन. एका पिशवीतून काढतीन, चेन लावतीन आन् नेतीन." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता?" तर म्हणाल्या, "मराले मी भेत नाई. मले खोळीत नेऊ नका, एवढंच." बोलताना त्यांचा भोंग्यासारखा आवाज पार बसला होता.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलानं त्यांना वर्ध्याला, नालवाडीच्या आपल्या घरी नेलं. हाड जुळलं नाही, आणि बाई उठल्या नाहीत.

सून वाईट असती तर बरं झालं असतं, राग काढायला जागा मिळाली असती. ती गुणाची पोर. नोकरी सांभाळून सासूचं हगणंमुतणं करत होती, कूस बदलत होती, पाठीला पावडर लावत होती. अशा माणसाला साडी नेसवणार कशी? तिनं मॅक्सी घातली, मागून उघडी कापून, सोयीची. घालताना ती रडली, असं तिनंच मला सांगितलं. बाई मात्र त्यानंतर कितीतरी दिवस घरात कोणाशी बोलल्या नाहीत.

मी पहिल्यांदा भेटायला गेले, तर त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मले पाहू नको," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बसून राहिले. काही वेळानं पाहिलं तर चादरीखाली हात हलत होते. चादरीचा काठ धरून, पोटावर, एकावर एक, त्या निऱ्या घालत होत्या. सगळ्या घालून झाल्या की सोडून द्यायच्या आणि पुन्हा पहिलीपासून.

शेवटी घरच्यांशी बोलल्या त्या नेसण्यासाठीच. सुनेला त्यांनी पेटीतून आईचं लुगडं काढायला लावलं. कोष्ट्याकडून विणून घेतलेलं, गर्द वांगी रंगाचं, तांबड्या काठाचं. "हे मले नेसवजो. नुसतं गुंडाळू नोको. काष्टा घालून, निऱ्या काढून, बराबर. मी जशी उभी राहो तशी." सुनेनं त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. पण तिला नेसवता येत नव्हतं. मला येत होतं ते स्वतःच्या अंगावर. तेव्हा सुनेनंच शोधून काढलं, की मागच्या गल्लीत एक आजी आहेत, साऱ्या नालवाडीत अजून काष्टा घालणाऱ्या बहुधा त्या एकट्याच. ती त्यांना घेऊन आली.

त्या दिवसापासून बाई पुन्हा माणसात आल्या. आजी रोज दुपारी येऊन पलंगाशी बसायच्या. दोघींचं तासन्‌तास एकच चालायचं. "तुमच्याकडे गाठ कुठं येते वं?" "बेंबीच्या खाली." "आमची आई डावीकडं घे." बाई त्यांना उठवून उभं करायच्या, वळायला लावायच्या, मागून बघायच्या. आणि आजी जायला उठल्या की प्रत्येक वेळी विचारायच्या, "आजी, मले नेसवसान ना?" आजी म्हणायच्या, "हो माय, हो. नेसवीन." बाई डोळे मिटून घ्यायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निवांतपण मी एरवी कधी पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात एका सकाळी सुनेचा फोन आला. मी मिळेल त्या गाडीनं वर्ध्याला गेले. पोचले तेव्हा बाईंना न्हाऊ घातलं होतं आणि शेजारच्या बायका भोवती बसल्या होत्या. सून लुगड्याची घडी मांडीवर घेऊन बसली होती. मॅक्सी तिनं आधीच कापून काढून टाकली होती. आजी आल्या. सुनेनं लुगडं त्यांच्यापुढे धरलं.

आजींनी ते घेतलं, पूर्ण उलगडलं, आणि काठाला काठ लावून चादरीसारखं बाईंच्या अंगावर पसरायला लागल्या.

"आजी, काष्टा," मी म्हटलं.

"नाई माय. मेलेल्या बाईले काष्टा नाई घालत."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पण त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"जित्या मानसाले नाई कसं म्हनू? थे बिचारी आस लावून बसली होती." त्यांनी लुगड्याचं टोक बाईंच्या पायाखाली सारलं. "गाठ नाई देत, काष्टा नाई घालत, निरीबी नाई खोचत. जीव अटकते. माह्या सासूनं सांगतलं, तिच्या सासूनं तिले सांगतलं. जुनी रीत हाय. आता मी मोडू काय?"

सून म्हणाली, "आजी, मी शब्द दिला आहे त्यांना."

"तुले येत असन त तू घाल, बाई. मी हात नाई लावत."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. लुगड्याचा काठ हातात घेतला आणि बाईंच्या कमरेखालून सारायला गेले. दोन बायकांनी माझा हात धरला. एक म्हणाली, घरात लहान पोरं आहेत, कायले नाही ते करता? दाराशी पुरुष खोळंबले होते. मुलगा आत आला, त्यानं आजींना विचारलं, आजींनी मान हलवली. तो म्हणाला, "मावशी, राहू द्या आता." आणि तसंच राहिलं.

जन्मभर ज्या म्हाताऱ्यांच्या पाठीमागे बाई चालल्या, ज्यांची रीत मोडू नये म्हणून जगभर स्वतःचं हसं करून घेतलं, त्यांच्यातल्याच शेवटच्या एकीनं त्यांना रीत दाखवली. लोक म्हणतात, बाई समाधानानं गेल्या. गेल्या खऱ्या. पण खोट्या शब्दावर गेल्या, आणि आजींचा मला राग येत नाही, हेच मला सहन होत नाही.

बाईंना नेल्यावर घर धुतलं. आम्ही सगळ्या बायका आळीपाळीनं अंघोळीला गेलो. मला पुलगावला परत जायचं होतं, बदलायला काही आणलं नव्हतं. सुनेनं कपाटातून स्वतःची एक मॅक्सी काढून दिली, निळ्या फुलांची. मी ती घातली. माझी साडी पिळून बाहेर तारेवर टाकली. पुढच्या खोलीत येऊन बसले तर तिथं सगळ्याच ओल्या केसांच्या आणि मॅक्सीतल्या बायका. कोणी चहा ठेवला होता. 

आजी त्यांच्या घरी जाऊन अंघोळ करून परत आल्या. त्यांचं लुगडंही धुऊन वाळत पडलं असणार, आणि दुसरं बहुधा नसावं, कारण त्यांच्या अंगात नातीची मॅक्सी होती. गुलाबी, पायांत घोळणारी. त्या दारातून सावकाश आत आल्या. बसण्याआधी त्यांचा हात सवयीनं मागे गेला, काष्टा सारायला. थोडा वेळ तो तिथं चाचपडत राहिला. मग त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि सुनेकडे पाणी मागितलं.